वाफेवरचे कॅन्टनी अंडे

दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाजवळ ग्वांगझौ हे मोठे बंदर आहे. पाश्चात्त्य लोक त्याला कॅन्टन म्हणत. म्हणून त्या भागातील व शेजारच्या हाँगकाँगमधील स्वयंपाकाला कॅन्टनी स्वयंपाक म्हणतात. जिन्नसाची मूळ चव झाकली जाऊ नये, हे त्याचे सूत्र. म्हणून मसाला थोडा आणि वाफवणे पुष्कळ. तेथे घरोघरी होणारा एक सोपा पदार्थ आपण करून पाहू. त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘वाफवलेले पाणी-अंडे’ असा आहे.

दोन अंडी फोडून, फेस न करता हलक्या हाताने ढवळा. टरफलाशिवाय ती सुमारे १०० ग्रॅम भरतात. त्यांत उकळून कोमट केलेले १५० ग्रॅम पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. मिश्रण गाळून पसरट वाडग्यात ओता व वर ताटली झाका. मोदकपात्रात पाण्याला उकळी आली, की वाडगा आत ठेवून आच मंद करा. झाकण किंचित तिरपे ठेवा. दहा-बारा मिनिटांत अंडे थरथरत्या खरवसासारखे होते. वर थोडा सोया सॉस, चमचाभर गरम तेल आणि कांद्याची पात घाला.

आता यामागील विज्ञान पाहू. अंड्यातील प्रथिनांचे रेणू गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखे असतात. उष्णतेने ते उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. मिठातील आयन रेणूंवरील विद्युतभारांचे अपकर्षण कमी करतात, त्यामुळे जाळे सहज विणले जाते. पाणी घातलेले अंडे सुमारे ८० अंश सेल्सियसला घट्ट होते. तापमान त्याहून फार वाढले, तर जाळे आवळते, पाणी बाहेर पडते आणि अंड्याला स्पंजासारखी भोके पडतात. पाणी आधी उकळायचे ते त्यात विरघळलेली हवा घालवण्यासाठी. नाहीतर तिचेही बुडबुडे होतात.

मग मंद आच कशासाठी? एक ग्रॅम उकळते पाणी ८० अंशांपर्यंत निवताना अवघ्या २० कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ मात्र नुसते पाणी होतानाच ५४० कॅलरी देते! हाच अप्रकट उष्मा. आपले २५० ग्रॅम मिश्रण २५ वरून ८० अंशांवर न्यायला साधारण १३,७५० कॅलरी लागतात. तेवढ्याला सुमारे २५ ग्रॅम वाफ पुरते, म्हणजे पाच चहाचे चमचे पाणी! तिरप्या झाकणातून शिरलेली हवा वाफेत मिसळते, म्हणून पात्रातील तापमान १०० अंशांच्या खाली राहते.

कॅन्टनी लोक मासा मात्र मोठ्या आचेवर, भरपूर वाफेत, थोडाच वेळ ठेवतात. अर्धा किलोचा पापलेट आठ-दहा मिनिटांत शिजतो. वर आल्याचे काप, पात आणि कडकडीत तेल. मांस रसदार राहते.

याच वाफेने हातही क्षणात भाजतो. म्हणून झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचला आणि घरातील मोठी माणसे जवळ असू द्या.

शेवटी एक प्रयोग. सारख्याच मिश्रणाचे दोन वाडगे करा. एक मंद आचेवर, दुसरा मोठ्या आचेवर घट्ट झाकणाखाली वाफवा. दोन्ही चमच्याने कापा, भोके मोजा आणि कोणत्या वाडग्यात पाणी सुटले ते वहीत नोंदवा.