खताचें खत

उजनीच्या जलाशयावर पसरणारी जलपर्णी पाहून आपण पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्यास दोष देतों, आणि तो यथार्थच आहे. कारण गटाराचें तोंड डोळ्यांस दिसतें. शेतांतून झिरपणाऱ्या खतास मात्र तोंडच नसतें. तें सहस्र वाटांनीं नदीस मिळतें. अशा अदृश्य चोरास शासनानें कसें धरावें, या प्रश्नाशीं डेन्मार्क हा चिमुकला देश सुमारें चाळीस वर्षें झुंजत आहे. त्याची हकीकत आमच्या वाचकांस उद्बोधक वाटेल.

त्या देशाची सुमारें ६० टक्के भूमि लागवडीखालीं असून डुकरें व दुभतीं जनावरें विपुल आहेत. पीक निघाल्यावर शरदांत पाऊस पडे, आणि उघड्या शेतांतील नत्र त्यांत विरघळून ओढ्यावाटे समुद्रास जाई. तेथें त्या अन्नावर शेवाळ माजतें. तें मरून तळाशीं कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपतो व जलचर गुदमरतात. १९८६ च्या ऑक्टोबरांत काटेगाट समुद्रांत कोळ्यांच्या जाळ्यांत मेलेल्या शेवंडी आल्या. तें दृश्य दूरचित्रवाणीवर घरोघर दिसलें, आणि १९८७ मध्यें तेथील लोकसभेनें योजना संमत केली: पाण्यांत जाणारें नत्र ५० टक्क्यांनीं व स्फुरद ८० टक्क्यांनीं घटवावयाचें.

शहरांचें काम त्या मानानें सोपें होतें. शुद्धीकरणाचीं केंद्रें बांधलीं, स्फुरद झपाट्यानें उतरलें. शेतकरी मात्र असंख्य. तेव्हां कायदा त्यांच्या दप्तरांत शिरला. कर्जखतांतील ‘खत’ आपणांकडे फारसीवाटे आलें, शेतांतील खत निराळें. डेन्मार्कनें दोहोंची गांठ घातली असें म्हणावयास हरकत नाहीं! प्रत्येक शेतकऱ्यानें खताचा वार्षिक जमाखर्च सरकारास द्यावयाचा. कोणत्या पिकास, कोणत्या मातींत नत्र किती, ही मर्यादा ठरलेली. शेणामुतांतील नत्रहि ठराविक प्रमाणांत तींतच मोजावयाचें. पातळ खत हिवाळ्यांत शेतावर न ओततां हौदांत सांठवावयाचें, आणि कांहीं जमिनींत मुख्य पिकामागून उरलेलें नत्र शोषून घेणारें दुसरें पीक पेरावयाचें.

१९९८ च्या दुसऱ्या योजनेंत तर, शेतकऱ्यास अधिकांत अधिक नफा देणाऱ्या मात्रेहून १० टक्के कमी, हीच मर्यादा ठरली. आमच्या मतें खरा वाद येथेंच आहे. त्या शेवटच्या मात्रेनें पीक फारसें वाढत नाहीं हें खरें. परंतु धान्यांतील प्रथिनें घटतात ही शेतकऱ्यांची तक्रारहि निराधार नव्हती. शिवाय कांहीं जमिनींतील नत्र वाटेंतच विघटित होऊन नदीपर्यंत पोहोंचत नाहीं. त्या शेताच्या धन्यानेंहि तोच भुर्दंड कां सोसावा? तथापि परिणाम नाकारतां येत नाहीं: १९९० नंतरच्या दोन दशकांत समुद्रास मिळणारें नत्र जवळजवळ निम्म्यावर आलें.

आपल्याकडील रीत वेगळी. २०१० मध्यें स्फुरद-पालाशाच्या खतांचें अनुदान पोषकद्रव्यांच्या मानानें ठरूं लागलें, पण युरिया त्यांतून वगळला. आणि स्वस्ताई म्हटली कीं मूठ सैल सुटावयाचीच. २०१५ पासून त्यास निंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यानें नत्र सावकाश सुटतें. गोणी कोणी नेली हें दुकानांतील यंत्र टिपतें. ती कोणत्या पिकास किती पडली हें कोणी विचारीत नाहीं.

डेन्मार्कांतहि प्रकरण मिटलें नाहीं. २०१५ च्या डिसेंबरांतील करारानें ती १० टक्क्यांची कात्री दूर झाली, आणि पुढें प्रदेशाप्रदेशागणिक निराळे नियम आले. २०२४ मध्यें निसर्गरक्षकांनीं वायले येथील खाडीचा चक्क अंत्यविधि केला! त्याच वर्षीं सरकार, शेतकरी व निसर्गरक्षक यांचा मोठा करार झाला: अडीच लक्ष हेक्टर नवें अरण्य लावावयाचें, आणि सखल शेतें मोबदला देऊन पुनः पाणथळ करावयाचीं. स्क्येर्न नदीच्या बाबतींत हें पूर्वींच घडलें आहे. १९६० च्या दशकांत शेतीसाठीं सरकारनें पैसा ओतून ती सरळ केली होती. १९९९ ते २००२ या काळांत पुनः सरकारच्याच पैशानें तिला तिचीं वळणें परत देण्यांत आलीं.