दूरस्थ मुलाखत आणि लेखकपदाचा प्रश्न

बोलीचा अभ्यास करावयाचा तर निवेदकाच्या दारी जाऊन बसले पाहिजे, हा आपल्या शास्त्राचा जुना दंडक होय. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात तो पाळणे अवघड जाते. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे वाहननिर्मितीचे कारखाने आकुर्डी-भोसरीपासून चाकण, महाळुंगे, निघोजे येथवर पसरले. त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथील बोलीही येथे आल्या. हे भाषक पाळ्यांत काम करतात. एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. एकजण निजलेला, तर दुसरा कामावर निघालेला. अशा स्थितीत मोबाइलच्या पडद्यावरून, म्हणजे ऑनलाइन, मुलाखत घेण्याचा मार्ग प्रस्तुत लेखकाने पत्करला. त्यातून जे प्रश्न उद्भवले, त्यांपैकी लेखकपदाचा प्रश्न अगदी अनपेक्षित होता.

प्रथम ध्वनींविषयी. जुन्या दूरध्वनीतून साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच कंपनांचा पट्टा जात असे. ‘स’च्या घर्षणाचा मोठा अंश त्याहून वर, ४००० हर्ट्‌झच्या पलीकडे असतो. इंटरनेटवरील मुलाखतीत हा पट्टा पुष्कळच रुंद असतो. तथापि ध्वनी आकुंचित करून पाठविला जातो आणि गोंगाट गाळणारी यंत्रणा पंख्याच्या आवाजाबरोबर एखादा दुबळा हकारही गाळू शकते. म्हणून महाप्राणत्व, ‘स’ व ‘श’ यांतील भेद, किंवा ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील चकारांचा भेद यांविषयी केवळ अशा मुद्रणावरून विधान करू नये. निवेदकाच्याच मोबाइलवर स्वतंत्र मुद्रण करवून ते मागाहून मागवावे. प्रत्यय, शब्दसंग्रह व वाक्यरचना यांना ही बाधा फारशी पोहोचत नाही.

यंत्राहून अवघड गोष्ट खोलीतील माणसांची. धुळ्याकडील एका तरुणास मी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून शब्द विचारला. त्याने स्वच्छ ‘डोळा’ असे सांगितले. थोड्याच वेळाने सोबत्यावर ओरडताना त्याच्याच तोंडून ‘डोया’ हे खानदेशी रूप निघाले. (ते मी त्याची अनुमती घेऊनच नोंदविले.) लोक निरीक्षक समोर नसताना कसे बोलतात हे जाणावयाचे, आणि निरीक्षणावाचून तर ते कळावयाचे नाही, हा विल्यम लबॉव यांनी सांगितलेला विरोधाभास पडद्यावरील ध्वनिमुद्रणाच्या लाल खुणेने कमी होत नाही. येथे तो क्षणभर सुटला तो त्या सोबत्यामुळे. याच सोबत्याने मला ओळखी करून दिल्या होत्या. पुढे मुद्रणे त्यानेच पाठविली आणि मी चुकीचे उतरवून घेतलेले शब्दही त्यानेच दुरुस्त केले. दूरस्थ मुलाखत दोघांत होते असे आपण समजतो. माझ्या अनुभवात ती बहुधा तिघांत झाली.

हा तिसरा मनुष्य मराठी बोलींच्या अभ्यासास नवा नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सामग्री पुष्कळशी पत्रव्यवहारानेच जमली होती. उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे स्थानिक बोलीतील रूपांतर आणि ठराविक शब्दांची यादी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागविली जाई. म्हणजे तीही एक प्रकारे दूरस्थ मुलाखतच! तो खंड सिद्ध केला स्टेन कोनो यांनी. ग्रिअर्सन यांनी ते नमूदही केले आहे. तरी आपण सर्रास ‘ग्रिअर्सन म्हणतात’ असे लिहितो. ज्यांनी गावोगावी ती गोष्ट बोलीत उतरविली, त्यांचे नाव तर मुखपृष्ठावर कोठेच नाही.

लेखकपदाच्या आकृतिबंधांचा अभ्यास करणारे छापील नावेच मोजतात. एकच लेख लिहिणारे १०० असतील, तर दोन लिहिणारे सुमारे २५ आणि तीन लिहिणारे सुमारे ११ असतात, हा लोट्का यांचा १९२६ सालचा नियम अशाच मोजणीवर उभा आहे. पदार्थविज्ञानात २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका लेखास पाच हजारांहून अधिक लेखक होते. आपल्याकडे मात्र बहुधा एकटाच लेखक आणि खाली लांबलचक ऋणनिर्देश. (त्यातही आद्याक्षरांची अदलाबदल आणि विवाहानंतर बदललेली आडनावे यांमुळे एकाच विदुषीच्या दोन होतात, ही निराळी अडचण. २०१२ पासून दिला जाणारा ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक तिच्यावर उपाय आहे. तो आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावा.) अशा मोजणीत चाकणचा तो सोबती शून्य ठरतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकपदासाठी चार अटी घालते : संशोधनात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक संस्करण, अंतिम रूपास संमती आणि उत्तरदायित्व. केवळ सामग्री जमविणारा यांत बसत नाही. परंतु पहिली अट जो पुरी करतो, त्याला उरलेल्या पुऱ्या करण्याची संधी द्यावी, असेही ती समिती सांगते. आपण नेमके हेच विसरतो. ज्याने उच्चार दुरुस्त केले, त्याच्यापुढे मसुदा ठेवण्यास मराठीत तर भाषेचीही आडकाठी नाही.

मी मसुदा त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा निराळाच पेच निघाला. त्याचे नाव लेखक म्हणून छापले की त्याची खोली ओळखू येणार, आणि खोली कळली की इतर निवेदकही ओळखू येणार. त्यांनी पाळ्या, ठेकेदार आणि पगार यांविषयी मोकळेपणाने बोलताना नाव न कळण्याचे आश्वासन घेतले होते. ते आश्वासन आधीचे, म्हणून त्याचा मान आधी. मी ही अडचण सांगितली, तेव्हा त्याने दोन दिवस मागून घेतले आणि सर्वांना विचारले. अखेरीस त्याचे नाव छापावे, परंतु राहण्याचे ठिकाण, कारखाना आणि निवेदकांची मूळ गावे गाळून केवळ जिल्हे द्यावेत, असे ठरले. गावनिहाय केलेले तीन तक्ते त्यामुळे जिल्हावार मांडावे लागले. ‘डोया’चा धुळे तालुक्यातील नेमका विस्तार त्यांत आता दिसत नाही.