घराला कुंपण घालण्यापूर्वी



पूर्वी दिव्याला घराभोवती करवंदीची वई घातली की काम भागत असे. आता गाव ठाणे महानगरपालिकेत आहे, आवारांना खेटून रस्ते झाले आणि वईच्या जागी विटांची भिंत आली. ती नियमाबाहेर गेली तर पाडण्याची नोटीस येते आणि विटा-सिमेंटचा पैसा पाण्यात जातो. म्हणून गवंडी बोलावण्याआधी एवढे वाचा.

उंची किती? डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीलाही लागू आहे. तिच्याप्रमाणे भिंत जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट. हे माप अंगणापासून नव्हे, समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून धरतात. तुमचे अंगण रस्त्यापेक्षा फूटभर उंच असेल, तर आतून भिंत चारच फूट भरेल. २.४ मीटरपर्यंतही परवानगी मिळू शकते; मात्र वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, आरपार दिसणारा हवा.

कोपऱ्यावरचे घर असेल तर चौकाच्या दोन्ही अंगांना १० मीटरपर्यंत पक्की भिंत पाऊण मीटरच ठेवायची. वरचा पाऊण मीटर गजांचा. कारण सोपे आहे. उंच भिंतीआडून धावत येणारे पोर रिक्षावाल्याला दिसत नाही. फाटकही आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे.

हद्द पक्की करा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, शेजाऱ्याला समक्ष खुणा दाखवा. मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि नकाशा घेऊन पालिकेत अर्ज करा. कुणाच्या तोंडी होकारावर पाया खणू नका. परवानगी कागदावर घ्या.

शेताची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवू नका. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात. खाडीकडेला तिवरे असतील तर त्यांना हात लावू नका; मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे तिवरांभोवती ५० मीटरात बांधकामाला मनाई आहे. आणि तारेच्या कुंपणात घरची वीज कधीही सोडू नका. त्यात माणूस जातो.

एवढा खटाटोप नको असेल, तर आपली जुनी वईच बरी. पाऊस लागला की करवंद किंवा मेंदी दाट लावा आणि दरवर्षी छाटत राहा. गुरे अडतात, पाणी वाहते आणि शेजाऱ्याशी बोलणेही राहते.