दूरध्वनीच्या जावा यंत्रणेंतील गळती

पुण्यांतील नारायण पेठेंत जुने वाडे आतां थोडे उरले आहेत. त्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींतील कित्येक घरांत आईबाप येथें आणि मुलें समुद्रापलीकडे, असा संसार चालतो. रविवारीं सकाळीं आठाच्या सुमारास पेठेंत चहा होतो, तेव्हां कॅलिफोर्नियांत शनिवारची सायंकाळ असते. तीच बोलण्याची ठरलेली वेळ. एखाद्या रविवारीं फोन लागत नाहीं. आईला प्रथम मुलाच्या प्रकृतीची काळजी वाटते, मग त्याच्या विसराळूपणाचा संशय येतो, आणि यंत्राचा विचार सर्वांच्या शेवटीं सुचतो. वस्तुतः दोष कधीं कधीं वाटेंतील एखाद्या सर्व्हरचा असतो. आठवडाभर होऊन गेलेलीं हजारों संभाषणें त्यानें सोडलेलींच नसतात, आणि नव्या संभाषणास त्याच्यापाशीं जागा उरलेली नसते. या दोषास गळती म्हणतात. तिचा शोध कसा घेतात, हा आजचा विषय आहे.

जुन्या एक्स्चेंजमधील व्यवस्था आठवली म्हणजे हें लवकर उमगेल. फळ्यापुढें बसलेली ऑपरेटरबाई दोरीचें एक टोंक एका ग्राहकाच्या भोकांत व दुसरें टोंक दुसऱ्याच्या भोकांत खोंचीत असे. बोलणें संपून दोघांनीं फोन ठेवले कीं फळ्यावरचे दिवे लागत, आणि बाई दोरी उपटून घेई. दोऱ्या मोजक्याच असत. दिवा लागलाच नाहीं, किंवा लागलेला दिवा बाईच्या नजरेंतून सुटला, तर ती दोरी कोणाच्याहि उपयोगाची राहत नसे; आणि अशा बऱ्याच दोऱ्या अडकल्या कीं एकहि माणूस बोलत नसतांना फळा मात्र भरलेला! दोघांचा आवाज हें एक प्रकरण, व दोरी खोंचणें-उपटणें हें दुसरें. या दुसऱ्यास संकेतन म्हणतात.

इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनींत संकेतनाचें काम मुख्यत्वें 'सिप' या नियमावलीनें होतें. तिची आज प्रचलित असलेली आवृत्ति जून २००२ मध्यें आर.एफ.सी. ३२६१ या क्रमांकानें प्रसिद्ध झाली; आणि योगायोग असा कीं, भारतांत इंटरनेट टेलिफोनीस परवानगी मिळाली तीहि त्याच वर्षीं, १ एप्रिल रोजीं. २०१६ सालीं जिओचें जाळें सुरू झाल्यापासून तर मोबाइलवरच्या साध्या बोलण्याचें संकेतनहि मोठ्या प्रमाणावर याच नियमांनीं होऊं लागलें. बोलूं इच्छिणारा 'इन्व्हाइट' हा निरोप पाठवितो. पलीकडून घंटा वाजत असल्याचा व पुढें फोन उचलल्याचा निरोप येतो. पहिला 'ॲक' म्हणून पोंच देतो. आणि शेवटीं जो फोन ठेवतो तो 'बाय' म्हणतो. मधल्या सर्व्हरला या सर्वांची नोंद ठेवावी लागते. ही नोंद म्हणजेच आजची दोरी.

असे सर्व्हर लिहिण्यास जावा ही भाषा पुष्कळ वापरतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ती १९९५ सालीं जगापुढें आणली. तिचें मोठें आकर्षण हें कीं, वापरून झालेली मेमरी परत करण्याचें ओझें तिनें प्रोग्राम लिहिणाराच्या डोक्यावरून उतरविलें. 'गार्बेज कलेक्टर' नांवाचा झाडूवाला मधून मधून फिरतो व टाकून दिलेल्या वस्तु उचलून नेतो. एवढ्यावरून जावांत गळती होतच नाहीं अशी पुष्कळांची समजूत होते, आणि ती भोळी आहे. वस्तु उपयोगाची आहे कीं नाहीं हें झाडूवाल्यास कळत नाहीं. ती कोणीं धरून ठेवली आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास दिसतें. दहा वर्षांपूर्वींचीं विजेचीं बिलें तारेंत ओंवून खुंटीस टांगलेलीं असलीं, तर केर काढणारी बाई त्यांना हात लावीत नाहीं. सर्व्हरमधील अशी तार म्हणजे चालू संभाषणांचा तक्ता. प्रत्येकाच्या 'कॉल-आयडी'पुढें त्याची नोंद असते, आणि संभाषण संपल्यावर ती खोडली नाहीं, तर ती व तिला चिकटलेलें सारें सर्व्हर चालू आहे तोंपर्यंत तसेंच राहतें. सॉकेट, पोर्ट, उघडलेल्या फाइली हीं साधनें तर संगणकानें उसनीं दिलेलीं असतात. तीं परत करण्याचें काम झाडूवाल्यावर सोंपवून चालत नाहीं.

नोंद खोडावयाची राहून कां जाते? सरळ संपलेल्या संभाषणांत ती सहसा राहत नाहीं. 'बाय' आला, नोंद खोडली, काम झालें. हा मार्ग प्रत्येक जण तपासून पाहतो. परंतु बोलतां बोलतां एकाच्या लॅपटॉपची बॅटरी संपली, तर 'बाय' येणार कोठून? मूळ नियमावलीप्रमाणें अशा वेळीं संभाषण आपोआप संपत नाहीं. सर्व्हर त्या न येणाऱ्या निरोपाची वाट पाहत कितीहि काळ बसूं शकतो. यावर एप्रिल २००५ मध्यें आर.एफ.सी. ४०२८ नें तोड काढली. संभाषणास मुदत घालावी, ती १८०० सेकंद असावी अशी शिफारस आहे, आणि मुदत संपण्यापूर्वीं "अजून आहों" असें कळवून ती वाढवून घ्यावी. कळविलें नाहीं तर नोंद मोडावी. ही सोय ऐच्छिक आहे. जेथें ती घेतलेली नाहीं, तेथूनच शोधास प्रारंभ करणें शहाणपणाचें.

दुसरें स्थळ घड्याळांचें. तीस सेकंदांत फोन न उचलल्यास अमुक करावें, असा गजर सर्व्हर लावून ठेवतो. फोन उचलल्यावर तो रद्द करण्याचें बहुतेकांच्या ध्यानांत असतें. परंतु जावाच्या 'शेड्यूल्ड एक्झिक्यूटर'मध्यें रद्द केलेला गजरहि, निराळी सूचना नसेल तर, आपली वेळ येईपर्यंत रांगेंत पडून राहतो व संभाषणाची नोंद धरून ठेवतो. तीस सेकंदांच्या गजरानें फारसें बिघडत नाहीं. चार तासांच्या गजरानें बिघडतें. 'सिप सर्व्हलेट' या पद्धतींत सत्राची आयुर्मर्यादा शून्य लिहिली, तर त्याचा अर्थ "ताबडतोब संपवा" असा नसून "कधींच संपवूं नका" असा होतो. हा अर्थ माहीत नसल्यामुळें माणूस सहज फसतो.

आतां थोडा हिशेब. समजा, आवाजाच्या वाहतुकीसाठीं एका सर्व्हरपाशीं दहा हजार पोर्ट आहेत व एका संभाषणास दोन लागतात. म्हणजे पांच हजार जोड्या झाल्या. दिवसास एक लाख संभाषणें होतात आणि हजारांत एकच जोडी परत येत नाहीं. तर रोज शंभर जोड्या गेल्या व पन्नास दिवसांत तिजोरी रिकामी. शंभर फोन करून पाहणाऱ्या परीक्षकास यांतलें बहुधा कांहींच दिसणार नाहीं.

सर्व्हर गर्दींत असतांना त्याची मेमरी पाहत बसण्यांतहि अर्थ नाहीं, कारण झाडूवाल्याच्या फेऱ्यांप्रमाणें ती सारखी वरखालीं होत असते. पाण्याची गळती शोधणारे लोक रात्रीची वेळ धरतात. सर्व नळ बंद, माणसें झोंपलेलीं, आणि तरीहि मापकाचा कांटा फिरत असेल, तर पाणी कोठें तरी जात आहे. पुणें महानगरपालिकेनें समान पाणीपुरवठा योजनेंत घरोघर मापकें बसविण्याचें काम हातीं घेतलें, त्यांचा एक उपयोग हाच. सर्व्हरवर अशी रात्र मुद्दाम आणावी लागते.

त्यासाठीं 'सिप-पी' नांवाचें साधन आहे. तें खोटे फोन हवे तितके लावतें. प्रथम कांहीं फोन करून सर्व्हर ऊबेस आणावा व आंतील वस्तूंची मोजदाद करावी. मग दहा हजार फोन सोडावे, आणि त्यांत वांकडे फोनहि असावे: घंटा वाजत असतांनाच ठेवलेले, पोंच न दिलेले, 'बाय' न म्हणतां नाहींसे झालेले. मग सर्व थांबवावें. लगेच मोजूं नये. नियमावलीचें मूळ माप अर्धा सेकंद आहे, व त्याच्या चौसष्टपट, म्हणजे ३२ सेकंद, कांहीं नोंदी हरवलेल्या निरोपांची वाट पाहत कायदेशीरच जिवंत राहतात. संभाषणास मुदत घातली असेल तर तीहि संपूं द्यावी. नंतर जावाबरोबर मिळणाऱ्या 'जेमॅप'ला 'हिस्टो:लाइव्ह' असें सांगावें. तें प्रथम झाडूवाल्यास फिरवितें आणि उरलेल्या वस्तूंची जातवार यादी देतें. संभाषणाच्या चाळीस नोंदी अधिक उरल्या, तरी निवाडा करण्याची घाई नको. हाच प्रयोग तीनदां करावा. प्रत्येक वेळीं चाळीसच उरल्या, तर तो राखून ठेवलेला सांठा असेल. चाळीस, ऐंशीं, एकशेंवीस असें चढत गेलें, तर ती गळती. आणि 'बाय' न म्हणणारे फोन दर खेपेस नेमके चाळीस असतील, तर चोर अर्धा सांपडलाच. या नोंदी कोणीं धरून ठेवल्या आहेत हें पाहण्यास सर्व मेमरीची नक्कल काढून 'इक्लिप्स मेमरी ॲनालायझर'ला देतात. तें शेवटच्या वस्तूपासून मागें मागें जात साखळीचें मूळ दाखवितें. सॉकेटांसाठीं मात्र लिनक्सची 'एलएसओएफ' ही आज्ञा वापरावी, कारण बऱ्याच यंत्रांवर एका प्रोग्रामास एका वेळीं १०२४ च उघडण्याची मुभा असते, व मेमरी भरपूर असतांनाहि ती मर्यादा आधीं संपते.

पुष्कळ ठिकाणीं हा सारा खटाटोप टाळून सर्व्हर रोज पहांटे बंद करून पुन्हां चालू करतात. त्यानें दिवस निघतो, पण पुरावा पुसला जातो. शिवाय रुग्णवाहिकेस फोन करणारा माणूस पहांटेची वेळ टाळून आजारी पडत नाहीं. आणि मेमरी संपल्याची तक्रार ज्या ओळीवर उमटते, ती ओळ बहुधा निरपराधी असते. भांडें आधींच भरलेलें असतें, शेवटचा थेंब तिचा, एवढेंच. म्हणून जाणते लोक चालत्या सर्व्हरवर तीन आंकडे सतत लिहवून ठेवतात: चालू संभाषणें, जिवंत नोंदी व घेतलेले पोर्ट. रात्रीं तीन वाजतां पहिला आंकडा शून्याजवळ आला आणि दुसरा दोनशेंवर अडून राहिला, तर त्या दोनशें नोंदींचे 'कॉल-आयडी' तेव्हांच उतरून घेतात. लॉगमध्यें प्रत्येकाचा शेवटचा निरोप कोणता होता हें पाहिलें कीं, कोणत्या दारानें त्या बाहेर पडावयाच्या राहिल्या हें कळतें.