बडीशेप मृगावर लावू नये
कोकणात रोप लावायचं तर मृगाच्या पावसावर. आंबा-काजूची कलमं, सुपारी, मिरीचा वेल, सगळ्यांना हा हिशेब लागू पडतो. त्यामुळे देवरूखच्या एखाद्या घरात मोबाइलवर बडीशेपेच्या रोपांची जाहिरात दिसली, की मागणीही जूनमध्येच जाते. पार्सल येतं, रोपं लागतात आणि आषाढ सरायच्या आत मुळं कुजून वाफा मोकळा होतो. बोल नर्सरीला लागतो. चुकलेला असतो महिना.

बडीशेप हे थंड, कोरड्या हवेचं पीक. देशातली बहुतेक बडीशेप गुजरात आणि राजस्थानातून येते आणि तिचा मोठा बाजार मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझ्याला भरतो. देवरूखला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यात जांभ्याची आम्लधर्मी माती. इथे बडीशेपेची शेती करायला जाऊ नये हेच बरं. परड्यात चार-सहा झाडं मात्र होतात, पण ती हस्ताचा पाऊस आटोपल्यावर, दिवाळीच्या सुमारास मागवली तर.

या झाडाला सोटमूळ असतं. ते दुखावलं की रोप धरत नाही, म्हणून बी जागेवरच टोकावं, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा. गुजरातेत खरिपाची बडीशेप रोपं करूनच लावतात. जून-जुलैत गादीवाफ्यावर बी पडतं आणि दीड-दोन महिन्यांची रोपं ऑगस्टमध्ये शेतात जातात. (तिथला पाऊस इथल्यापुढे काहीच नाही, हे विसरायचं नाही.) म्हणजे रोप हलवलेलं चालतं, मुळाची ओढाताण चालत नाही.

म्हणून पार्सलने मागवताना प्रो-ट्रेमधली, कोकोपीटच्या गड्ड्यासकट येणारी चार-पाच पानांची रोपं घ्यावीत. फूटभर वाढलेलं डौलदार रोप फोटोत छान दिसतं, पण त्याचं मूळ तळाशी गुंडाळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मागणी आठवड्याच्या सुरुवातीला जाईल असं पाहावं. मुंबई-गोवा महामार्ग संगमेश्वरावरून जातो, देवरूख तिथून आत. त्यात रविवार आडवा आला तर बंद खोक्यात पानं पिवळी पडतात.

खोकं आल्या दिवशीच उघडावं. एक पान चुरगळून वास घ्यावा. बडीशेपेचा गोडसर वास यायला हवा. शेपूचा उग्र दर्प आला तर भलतंच रोप पदरात पडलंय, कारण लहानपणी दोघं हुबेहूब दिसतात. मग गड्डा बुडेल एवढ्या पाण्यात रोपं थोडा वेळ ठेवून चार-पाच दिवस पडवीत, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावीत. नंतर दर दिवशी थोडं कोवळं ऊन. ही सवय न लावता थेट वाफ्यात लावलेलं रोप दुपारी मान टाकतं.

लावणी संध्याकाळी. जांभ्यात दीड फूट खोल खड्डा काढून त्यात माती, कुजलेलं शेणखत आणि मूठभर चुना आधीच मिसळलेला असावा. रोप खोडाला धरून ओढू नये. खालून दाबून गड्डा अख्खा बाहेर काढावा आणि तेवढाच खोल बसवावा. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. भोवती पातेरा पसरला की ओल टिकते. पहिला आठवडा दुपारी झापाची सावली पुरे. कुंडीत लावायचं तर ती फूटभर तरी खोल हवी.

मोठा वाफा करायचा असेल तर रोपांचा खर्च व्यर्थ आहे, बियाण्याची पुडी स्वस्त पडते. पण कोकणातली थंडी मोजक्या आठवड्यांची, आणि तयार रोप त्यातला महिनाभर वाचवतं.

फुलोरा आला की छत्र्यांवर मावा दिसतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. छत्र्या एकदम पिकत नाहीत, जशा भरतील तशा कापाव्या लागतात. मुखवासाची बारीक, हिरवी बडीशेप हवी असेल तर दाणा अर्धा भरलेला असतानाच छत्री काढून सावलीत वाळवतात. उन्हात ठेवली की रंग जातो.