कोलकात्याचे चिनी शेजारी

कोलकात्यास गेलेला आपल्याकडील प्रवासी कालीघाट व दक्षिणेश्वर पाहून संतुष्ट होतो. आम्हींही पूर्वीं तसेंच केलें होतें. या खेपेस मात्र एक सबंध दिवस आम्हीं तेथील जुन्या चिनी वस्तीसाठीं राखून ठेविला.

रविवारीं पहाटेसच टिरेटा बाजार गांठला. टिरेटा हा अठराव्या शतकांतील एक इटालियन गृहस्थ. बाजारास नांव त्याचें राहिलें, वस्ती चिन्यांची झाली. रस्त्याच्या कडेला वाफाळलेल्या भांड्यांतून न्याहारी विकली जात होती. बहुतेक पदार्थ सामिष. तेव्हां नीट विचारपूस करून तिळांत घोळलेले गोड गोळे तेवढे आम्हीं घेतले. पहिल्याच घांसाला संक्रांत आठवली!

जवळच ‘सी इप’ मंदिर आहे. चिनी देवळांस येथें चर्च म्हणण्याची रीत आहे. १९०५ सालच्या या इमारतींत क्वान यिन या करुणामयी देवीची स्थापना आहे. ही देवी म्हणजे मूळचा आपल्या बौद्धांचा अवलोकितेश्वर. चीनला गेलेला देव तेथें देवी झाला आणि परत या भूमीस आला!

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तोंग आच्यू नांवाच्या चिन्यास वॉरन हेस्टिंग्जनें हुगळीकांठीं जमीन दिली. तेथें त्यानें साखरेचा कारखाना काढिला. त्या गांवास आजही आचीपूर म्हणतात. मागाहून कँटनकडील सुतार, हुपेचे दंतवैद्य, हाक्का चर्मकार असे कसबी लोक शहरांत आले. हाक्कांनीं टांगऱ्यास कातडीं कमावण्याचे कारखाने उभारिले. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते प्रदूषणास्तव शहराबाहेर हलविण्याचा हुकूम केला.

दुपारीं टांगऱ्यास गेलों. तेथें चिनी मंडळींचें कालीमातेचें देऊळ आहे. नैवेद्याला नूडल्स असतात. एका वृद्ध दुकानदारानें आम्हांस चहा दिला. बंगाली तो अस्खलित बोलत होता. बोलतां बोलतां १९६२ सालचा विषय निघाला. तोंच तो गप्प झाला व पेले आवरूं लागला.

त्या वर्षीं चीनशीं युद्ध झालें आणि सुमारें ३,००० चिनी वंशाचे लोक, बायकामुलांसुद्धां, खटला न चालवितां राजस्थानांत देवली येथील छावणींत डांबले गेले. कित्येकांचा जन्म याच देशांतला. कोणी वर्षानुवर्षें तेथें राहिले. सुटल्यावर पुष्कळांनीं कॅनडाची वाट धरिली. वस्ती ओसरली ती अशी. दोन सरकारांच्या भांडणाची शिक्षा शेजाऱ्यास झाली.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ सालीं चीनमध्यें रुग्णसेवा करीत असतां वारले. तेथील लोक त्यांस अद्याप विसरले नाहींत, हें आपण मुलांस अभिमानानें सांगतों, तें योग्यच. परंतु त्याच बैठकींत देवलीची हकीकतही मुलांच्या कानीं घालावी, असें आम्हांस वाटतें.