आत्याची कुजबुज आणि कलम 116

समजा, विठ्ठलवाडी स्टेशनवरून रोज लोकल पकडणारी एक मुलगी. रेशनकार्डावर वडिलांचं नाव आहे. माणूस मात्र आठ वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. त्यात लग्नघरात एखादी आत्या कुजबुजते, “ही त्याची नव्हेच.”

कायद्याला कुजबुज पुरत नाही. संसार चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, हा 1872 पासूनचा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. गर्भ राहिला असेल त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवलं तरच तो हलतो. तरीही 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाला झुकतं माप दिलं.

आणि बेपत्ता बाप? सात वर्षं जवळच्यांना खबर नसेल, तर तो जिवंत आहे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं.